वाकलेले शरीर आणि उभी परिभाषा

मानवी शरीराचा अभ्यास दोन शास्त्रांत विभागला जातो. शरीराचे भाग कोणते, ते कोठे बसलेले आहेत, कशाचे बनले आहेत आणि शेजारच्या भागांशी कसे जोडलेले आहेत याचे वर्णन करणारे ते शारीर किंवा शरीररचनाशास्त्र. आणि हे भाग कोणते काम करतात, ते कशाच्या बळावर चालते व त्याला आवर कोण घालतो याचा शोध घेणारे ते शरीरक्रियाविज्ञान. ही विभागणी अध्यापनाच्या सोयीची आहे, कारण रचना मृतदेहाच्या विच्छेदनातून कळते आणि क्रिया मात्र जिवंत शरीरातच पाहावी लागते; परंतु विद्यार्थी शेकडो नावे पाठ करतो आणि त्या नावांमागे चाललेले काम त्याला दुसऱ्या तासाला, दुसऱ्या पुस्तकातून कळते, ही त्या सोयीची किंमत आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकापासून वैद्यकाच्या पहिल्या वर्षापर्यंत हा दोष कमीअधिक प्रमाणात टिकून आहे. प्रस्तुत आढाव्यात या दोन्ही शास्त्रांच्या मूळ कल्पना आणि संज्ञा बारामती व इंदापूर तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात, विशेषतः भवानीनगरच्या परिसरात, कष्ट करणाऱ्या शरीराच्या आधाराने तपासल्या आहेत. त्या शरीराकडे पाहताना रचना आणि क्रिया वेगळ्या काढणे अवघडच जाते.

नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या अवर्षणग्रस्त पट्ट्यात पोचला, त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि पुढे भवानीनगर येथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आला. गाळपाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, आणि त्या काळात मराठवाड्यातून, मुख्यतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या हद्दीत येऊन फडाजवळ कोप्या घालतात. नवराबायकोच्या जोडीला टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. दोन शरीरांची मोजदाद एका अवजाराने करणारी ही संज्ञा कोणत्याही वैद्यकीय कोशात नाही, पण या भागातील शरीरांचे दुखणेखुपणे समजून घ्यायचे तर तिच्यापासून सुरुवात करावी लागते. याच पट्ट्यात, बारामतीला, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे आणि त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. म्हणजे ज्या दालनात विच्छेदन करून स्नायू, चेता व रक्तवाहिन्यांची नावे शिकली जातात ते दालन आणि ज्या फडात ते सर्व भाग दिवसभर राबतात तो फड, ही दोन्ही एकाच मुलखात आहेत.

शरीराच्या भागांना नावे देण्याची परंपरा भारतात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ३०० अस्थी, ५०० पेशी, ९०० स्नायू, २१० संधी आणि १०७ मर्मे अशी मोजणी दिलेली आहे; चरकसंहितेत अस्थींची संख्या ३६० आहे, कारण दात, नखे आणि कूर्चा यांचा समावेश कोणत्या रीतीने करायचा याबद्दल प्राचीन आचार्यांत एकमत नव्हते. आधुनिक शास्त्र प्रौढ माणसात २०६ हाडे मोजते. नवजात बालकात ही संख्या २७० च्याही पुढे असते आणि वाढीच्या काळात अनेक हाडे एकमेकांत जुळून ती कमी होते. सुश्रुताने विच्छेदनाची जी पद्धत सांगितली आहे ती आजच्या वाचकालाही थक्क करते. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या माणसाचा देह आतड्यांतील मळ काढून, मुंज गवतासारख्या वनस्पतींनी गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात बुडवावा, आणि सात रात्रींनंतर मऊ पडलेली त्वचा वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्याने हळूहळू खरवडत आतील एकेक भाग डोळ्यांनी पाहावा, असा तो विधी आहे. प्रत्यक्ष पाहण्याचा हा आग्रह मधल्या शतकांत मागे पडला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या शारीर हे बव्हंशी पाठांतराचेच शास्त्र राहिले.

युरोपातही फार वेगळे घडले नव्हते. तेथे व्हेसेलियसने १५४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने प्राचीन वैद्य गेलनच्या परंपरेतील चुका प्रत्यक्ष विच्छेदनावरून दाखवल्या, आणि १६२८ मध्ये विल्यम हार्वेने हृदयाच्या आकुंचनामुळे रक्त वर्तुळाकार फिरते हे सिद्ध करून रचनेच्या ज्ञानाला क्रियेचा प्रश्न विचारला. भारतात आधुनिक विच्छेदनाची सुरुवात १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी केली; मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले आणि भाऊ दाजी लाड हे त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. विच्छेदनासाठी मृतदेह कोठून मिळवायचे या प्रश्नाला कायद्याची चौकट मुंबई राज्यात १९४९ साली मिळाली, आणि बेवारस देहांबरोबर स्वेच्छेने केलेले देहदानही त्या चौकटीत बसते.

दरम्यान नावांचा गोंधळ सर्व जगात इतका वाढला होता की एकाच भागाला निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या शिक्षकांकडून दहा-दहा नावे मिळालेली होती. १८९५ साली बाझल येथे जर्मन शारीरज्ञांनी सुमारे ५० हजार नावांतून निवड करून साडेपाच हजारांच्या आसपास लॅटिन नावांची अधिकृत यादी तयार केली. तिच्या अनेक सुधारणा होऊन १९९८ साली आंतरराष्ट्रीय परिभाषा आली. या याद्यांचे एक महत्त्वाचे तत्त्व असे की शोधकर्त्याच्या नावाने भाग ओळखण्याची चाल शक्यतो सोडून स्थान, आकार किंवा कार्य सांगणारे नाव स्वीकारावे. मराठीत हेच काम महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी आणि मराठी विश्वकोशाने केले. संस्कृत धातूंवरून घडवलेले हे शब्द नेमके आहेत, यात शंका नाही. पण त्यांपैकी काहींनी जुन्या शब्दांच्या जागा अदलाबदल करून घेतल्या, आणि त्यामुळे आयुर्वेद शिकणाऱ्याला व विज्ञान शिकणाऱ्याला एकमेकांचे ग्रंथ वाचताना सावध राहावे लागते. सुश्रुताची ‘पेशी’ म्हणजे मांसाचा गोळा, आजच्या मराठीतील स्नायू. सुश्रुताचा ‘स्नायू’ म्हणजे हाडे बांधून ठेवणारा दोरीसारखा भाग, आजच्या मराठीतील अस्थिबंध किंवा कंडरा. आणि आजच्या मराठीतील ‘पेशी’ ही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा सजीवाचा सर्वांत लहान घटक आहे, जिची कल्पना सुश्रुताच्या काळी असणे शक्यच नव्हते. शालेय पुस्तकात ‘चेता’ आणि विश्वकोशात ‘तंत्रिका’, एका ठिकाणी ‘रोहिणी’ आणि दुसरीकडे ‘धमनी’, हे भेद तुलनेने निरुपद्रवी आहेत.

खरी अडचण बोलीतल्या शब्दांपाशी येते. ‘शीर आखडली’ किंवा ‘नस दबली’ असे म्हणणारा माणूस शिरेबद्दल, चेतेबद्दल, कंडरेबद्दल किंवा नुसत्या ताठरलेल्या स्नायूबद्दल बोलत असू शकतो. ‘पित्त झाले’ म्हणजे बहुतेक वेळा जठरातील आम्ल वर आले, आणि शास्त्राच्या भाषेत पित्त हा यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा निराळाच स्राव आहे. कमरेत ‘उसण भरणे’, पोटरीत ‘गोळा येणे’, बरगडीखाली ‘चमक निघणे’ ही वर्णने मात्र वैद्याने हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत, कारण त्यांत जागा, वेळ आणि दुखण्याची जात या तिन्ही गोष्टी एका शब्दात आलेल्या असतात. २०१९ सालीच देशभर लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात पहिल्या वर्षीच रुग्णांची ओळख करून देण्यावर, शारीर, शरीरक्रियाविज्ञान व जीवरसायनशास्त्र यांची सांगड घालण्यावर आणि स्थानिक भाषेच्या परिचयावर भर दिला गेला, ही सुधारणा उशिरा झाली असली तरी योग्य दिशेची आहे.

शारीराची सारी दिशावाचक परिभाषा एका गृहीत उभ्या माणसावर आधारलेली आहे. हा माणूस ताठ उभा आहे, नजर समोर आहे, पावले जवळजवळ व पुढे वळलेली आहेत, हात बाजूला सोडलेले आहेत आणि तळवे समोरच्या दिशेला आहेत. याला शारीरस्थिती म्हणतात. प्रत्यक्षातला माणूस कोणत्याही स्थितीत असला, बाजेवर निजलेला असो की फडात वाकलेला, तरी त्याच्या भागांचे वर्णन या स्थितीतच केले जाते. पोटाकडची बाजू ती अग्र, पाठीकडची ती पश्च. डोक्याकडचा भाग ऊर्ध्व, पायांकडचा अधःस्थ. शरीराच्या मध्यरेषेजवळचा तो मध्यवर्ती, तिच्यापासून लांबचा तो पार्श्व. हातापायांपुरती आणखी एक जोडी वापरतात : धडाच्या जवळचा भाग समीपस्थ आणि दूरचा दूरस्थ, म्हणून कोपर मनगटाला समीपस्थ आणि बोटे मनगटाला दूरस्थ ठरतात. तळवे पुढे वळवण्याचा आग्रह विद्यार्थ्याला विचित्र वाटतो, पण त्याचे कारण सरळ आहे : तळवा पुढे असताना कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे एकमेकांना समांतर राहतात, आणि तळवा मागे वळला की त्यांतील अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून तिरके जाते; हाडे एकमेकांना ओलांडतात ती स्थिती वर्णनासाठी सोयीची नाही.

शरीराचे काल्पनिक काप घेण्यासाठी तीन प्रतले मानली जातात. डावा-उजवा भाग वेगळा करणारे ते मध्य प्रतल, पुढचा-मागचा भाग वेगळा करणारे ते ललाटीय प्रतल, आणि वरचा-खालचा भाग वेगळा करणारे ते आडवे प्रतल. सीटी स्कॅनच्या नेहमीच्या चित्रांत शरीराचे आडवे काप असतात आणि ते पायांकडून डोक्याकडे पाहिल्यासारखे मांडलेले असतात, त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू चित्रात डावीकडे दिसते. अहवालात ‘उजवा’ आणि चित्रात डावीकडे, हे पाहून गोंधळणाऱ्या नातेवाइकांना शारीरस्थितीची कल्पना दिली तर गोंधळ मिटतो.

रचनेच्या पायऱ्या थोडक्यात सांगता येतात. रेणूंपासून पेशी बनते. एका कामासाठी एकत्र आलेल्या सारख्या पेशींचा गट म्हणजे ऊतक, ज्याला शालेय पुस्तकात ‘ऊती’ म्हटले आहे. निरनिराळी ऊतके मिळून इंद्रिय बनते आणि एकमेकांच्या साहाय्याने काम करणारी इंद्रिये मिळून संस्था बनते. प्रौढ शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यांतील बहुसंख्य तांबड्या रक्तपेशी आहेत. ऊतके चारच प्रकारची मानली जातात. पृष्ठभाग झाकणारे व पोकळ्यांना अस्तर देणारे अभिस्तर ऊतक, आधार देणारे आणि जोडणारे संयोजी ऊतक, आखडून बळ निर्माण करणारे स्नायू ऊतक आणि संदेश वाहणारे चेता ऊतक. हाड, रक्त आणि चरबी ही तिन्ही संयोजी ऊतकाचीच रूपे आहेत, हे प्रथम ऐकताना पटत नाही. पण पेशींच्या भोवती असलेला पदार्थच त्या ऊतकाचे काम ठरवतो हे लक्षात घेतले की कठीण हाड आणि वाहते रक्त एका वर्गात का ठेवले याचा उलगडा होतो.

उसाच्या फडात रचना आणि क्रिया यांचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो पाठीच्या कण्यात. उसाच्या बुडाकडच्या कांड्यांत साखरेचे प्रमाण सर्वांत जास्त असते, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, आणि म्हणून तोडणाऱ्याला कमरेतून पूर्ण वाकावे लागते. म्हणजे वनस्पतीत साखर कोठे साठते याचा निर्णय माणसाचा मणका भोगतो. कण्यात मुळात ३३ मणके : मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, त्रिकास्थीत जुळून गेलेले ५ आणि माकडहाडात जुळलेले साधारण ४. जोडलेल्या मणक्यांचे एकेक हाड धरले तर प्रौढात २६ हाडे उरतात. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. तिचा बाहेरचा भाग चिवट तंतूंच्या कड्यांचा आणि आतला भाग पाणीदार, लिबलिबीत असतो. माणूस पुढे वाकला की चकतीच्या अग्र बाजूवर दाब येतो आणि आतला गर पश्च बाजूकडे, म्हणजे मज्जारज्जूच्या नलिकेच्या दिशेने, सरकू पाहतो. कमरेचा चौथा-पाचवा मणका आणि पाचवा मणका-त्रिकास्थी यांच्यामधील चकत्या सर्वांत जास्त वेळा बाधित होतात, कारण सर्व वरच्या धडाचा भार व वाकण्याची क्रिया तेथेच एकवटते. बाहेर आलेला भाग तेथील चेतामुळावर दाबला की कळ कुल्ल्यातून मांडीच्या व पोटरीच्या मागून पायापर्यंत जाते. दुखणे पायात आणि कारण कमरेत, हे कोडे चेतांचा मार्ग ठाऊक असल्याशिवाय सुटत नाही.

ओझ्याचे गणितही येथे सांगण्याजोगे आहे. पाठ सरळ करणारे स्नायू चकतीच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटीमीटर मागे असतात. समजा २० किलोची मोळी कमरेपासून ४० सेंटीमीटर पुढे धरून उचलली, तर तरफेच्या नियमाने त्या स्नायूंना केवळ मोळीसाठी १६० किलो वजनाइतके बळ लावावे लागते, आणि वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन त्यात निराळे मिळवायचे असते. हे सारे बळ अखेर चकतीवर येते. मोळी अंगालगत धरली तर तेच अंतर निम्म्यावर येते आणि ताणही निम्मा होतो. ‘उसण भरली’ या दोन शब्दांत ज्याचे वर्णन होते त्याचा एक भाग या स्नायूंच्या संरक्षक आखडण्याचा असतो : दुखावलेला भाग हलू नये म्हणून भोवतालचे स्नायू ताठ होतात आणि मग तो ताठरपणाच दुखू लागतो. मोळी बांधून झाली की बहुधा बाईच ती डोक्यावर घेऊन, गाडीला लावलेल्या फळीवरून चढते; तेव्हा भार मानेच्या ७ मणक्यांतून सरळ खाली उतरतो, आणि तो कण्याच्या अक्षात असल्यामुळे तरफेचा त्रास कमी होत असला, तरी चढताना तोल सावरण्याचे काम मानेच्या लहान स्नायूंवर पडते.

कोयता धरलेल्या मुठीकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट कळते. बोटे मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात, आणि त्यांच्या लांब कंडरा मनगटाच्या पुढच्या बाजूच्या एका अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. त्याच बोगद्यातून एक मुख्य चेता जाते, म्हणून सतत मूठ आवळून व मनगट वाकवून काम करणाऱ्यांत कंडरांचे आवरण सुजले की चेता दाबली जाऊन अंगठ्याकडच्या बोटांना मुंग्या येतात. मनगट तळव्याकडे पूर्ण दुमडून मूठ आवळण्याचा प्रयत्न केला की पकड ढिली पडते, आणि मनगट किंचित मागे झुकलेले असताना ती सर्वांत घट्ट होते. स्नायूच्या तंतूंत अ‍ॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकून आकुंचन घडते, आणि स्नायूची लांबी योग्य असेल तेव्हाच हे धागे एकमेकांना भरपूर पकडू शकतात. मुरलेला तोडकरी हे तत्त्व शिकलेला नसतो, पण त्याचे मनगट त्याप्रमाणेच वागते.

शरीरक्रियाविज्ञानाची एकच मध्यवर्ती कल्पना निवडायची झाली तर ती समस्थितीची निवडावी लागेल. एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे मांडले की शरीरातील पेशी बाहेरच्या हवेत राहत नाहीत, त्या शरीरातील द्रवाच्या अंतर्गत पर्यावरणात राहतात आणि ते पर्यावरण स्थिर ठेवणे हे साऱ्या क्रियांचे प्रयोजन आहे. १९२६ साली अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी या स्थिरतेला नाव दिले, ज्याला मराठीत समस्थिती म्हणतात. ही स्थिरता गोठलेली नसते. एखादी राशी, उदाहरणार्थ तापमान, ठरलेल्या पातळीपासून ढळली की संवेदक ते टिपतो, नियंत्रक केंद्र निर्णय घेते आणि परिणाम करणारे इंद्रिय उलट दिशेने काम करू लागते. याला ऋण प्रतिसंभरण म्हणतात. याउलट प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाची कळ आणि ऑक्सिटोसिन हे संप्रेरक एकमेकांना वाढवत नेतात आणि बाळ बाहेर येईपर्यंत ती साखळी थांबत नाही. हे धन प्रतिसंभरण, आणि शरीरात त्याची उदाहरणे थोडी आहेत.

फडात समस्थितीची परीक्षा प्रथम उष्णतेच्या बाबतीत होते. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा साधारण पाव भागच कामात उतरतो आणि बाकीची उष्णता होते. मेंदूच्या तळाशी असलेले अधश्चेतक शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखते. ते वाढू लागले की त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी कामाला लागतात. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते, परंतु वाळण्याऐवजी निथळून जमिनीवर पडलेला घाम शरीराला थंड करीत नाही. उंच, दाट उसात वारा पोचत नाही, त्यामुळे फेब्रुवारीनंतरच्या दिवसांत पाणी व मीठ खर्च होते आणि थंडावा मात्र मिळत नाही. कष्टाच्या कामात घाम तासाला एक लिटरच्या पुढेही जाऊ शकतो, आणि तो भरून काढला नाही तर रक्ताचे आकारमान घटते. मग स्नायूंना रक्त द्यायचे की त्वचेला, असा पेच हृदयापुढे उभा राहतो.

पाण्याचा हिशेब मूत्रपिंडांकडे असतो. ६० किलोच्या पुरुषात सुमारे ३६ लिटर पाणी असते आणि त्यातील दोनतृतीयांश पेशींच्या आत असते. दोन्ही मूत्रपिंडांतील प्रत्येकी सुमारे १० लाख वृक्काणू मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील जवळजवळ सर्व परत शोषतात आणि दीड लिटरच्या आसपास मूत्र बाहेर जाते. पाणी कमी पडले की पोषग्रंथीतून सुटणारे संप्रेरक मूत्र दाट करायला लावते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वादोर येथील ऊसतोड्यांत, मधुमेह किंवा रक्तदाब नसताना, मूत्रपिंडे निकामी होण्याचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला, आणि वारंवारचे निर्जलीकरण व उष्णतेचा ताण हे त्याचे मुख्य संशयित मानले जातात, जरी अन्य कारणांबद्दलचा वाद मिटलेला नाही. महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यानेही या विकाराची आपल्या मजुरांत पद्धतशीर तपासणी करायला हवी. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे : फडावर शौचालय नसल्याने त्या पाणीच कमी पितात व लघवी दाबून ठेवतात, आणि स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटीमीटर लांब असतो, पुरुषाचा २० च्या आसपास; जंतूंना मूत्राशयापर्यंत पोचायचे अंतर इतके कमी असताना लघवी साचून राहिली की संसर्ग वारंवार होणार, हे रचनेवरूनच ठरते.

साखर कारखान्याच्या परिसरात रक्तातील साखरेचा विषय टाळणे योग्य होणार नाही. उसातील सुक्रोज लहान आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत तुटते व रक्तात शिरते. निरोगी माणसाच्या ५ लिटर रक्तात उपाशीपोटी एकूण ग्लुकोज सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याएवढे असते. गोड चहाच्या एका कपात त्याहून जास्त साखर असू शकते. ती पातळी जेवणानंतर वाढली की स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते आणि यकृत, स्नायू व चरबी ग्लुकोज उचलतात. घटली की ग्लुकागॉन यकृतातील साठा मोकळा करते. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केल्यापासून या यंत्रणेचे बहुतेक तपशील कळत गेले. त्यातील एक तपशील येथे विशेष महत्त्वाचा आहे : आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनशिवायही ग्लुकोज आत घेऊ शकतो. त्यामुळे दिवसभर ऊस खाणारा तोडकरी आणि तेवढीच साखर खाऊन खुर्चीत बसणारा माणूस यांच्या स्वादुपिंडांवर सारखा भार पडत नाही.

रक्ताभिसरणातील एका संज्ञेचा घोळ मात्र पुस्तकांनीच वाढवला आहे. हृदयाकडून रक्त दूर नेणारी ती धमनी आणि हृदयाकडे आणणारी ती शिरा, ही व्याख्या दिशेवर आधारलेली आहे. धमनीत शुद्ध व शिरेत अशुद्ध रक्त असते हे पाठांतर फुप्फुसांच्या वाहिन्यांपाशी खोटे ठरते, कारण फुप्फुसधमनीत ऑक्सिजन कमी असलेलेच रक्त वाहते. पायांतील शिरांतून रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात : ते आवळले की आतल्या शिरा दाबल्या जातात आणि झडपांमुळे रक्त एकाच दिशेने सरकते. दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे सणसरकडे येते तेव्हा हजारो वारकऱ्यांच्या पोटऱ्यांत हा पंप चालू असतो, आणि दिवसभर चाललेल्यापेक्षा दिवसभर एका जागी उभ्या राहिलेल्याचे पाय अधिक सुजतात याचे कारणही तेच आहे.

या आढाव्यातील सर्वांत गंभीर प्रकरण ‘पिशवी’ या शब्दाशी जोडलेले आहे. गर्भाशयाला ग्रामीण महाराष्ट्रात पिशवी म्हणतात, आणि मूल होऊन गेल्यावर रिकामी पिशवी ठेवून काय उपयोग, असा विचार या शब्दातूनच सुचतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या प्रश्नावर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांत पस्तिशीच्या आतील स्त्रियाही होत्या. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास यांवर अनेकदा साध्या औषधोपचाराने भागले असते; पण हंगामात खाडा पडला तर मुकादम दंड लावतो, म्हणून पाळीच बंद करणारी शस्त्रक्रिया बाईला आणि टोळीलाही सोयीची वाटली. डॉक्टरांचा लोभ, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचे कर्ज आणि शौचालयांचा अभाव ही कारणे पुष्कळ चर्चिली गेली आहेत. शरीरशास्त्राच्या अज्ञानाच्या वाट्याबद्दल त्या मानाने कमी बोलले गेले.

प्रौढ स्त्रीचे गर्भाशय सुमारे साडेसात सेंटीमीटर लांब, मूत्राशयाच्या मागे व गुदाशयाच्या पुढे, सामान्यतः पुढच्या बाजूला झुकलेले असते. त्याच्या दोन्ही बाजूंना अस्थिबंधांनी जोडलेली बीजकोशांची जोडी असते, आणि पाळीचे चक्र चालवणारी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके बीजकोशांत तयार होतात. गर्भाशय त्या संप्रेरकांना प्रतिसाद देते. म्हणून ‘पिशवी काढली’ या वाक्याचे दोन फार वेगळे अर्थ होऊ शकतात. केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते पण संप्रेरके चालू राहतात. मात्र बीजकोशाला काही रक्त गर्भाशयाच्या धमनीच्या शाखेतूनही मिळत असल्याने काही स्त्रियांत त्याचे काम लवकर मंदावते. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही काढले तर तिशीतल्या बाईत पन्नाशीतली अवस्था एका दिवसात येते : अंगातून वाफा निघणे, झोप उडणे आणि त्याहून संथपणे, न दुखता चालणारी हाडांची झीज. हाड जिवंत ऊतक आहे. त्यात जुना भाग विरघळवणाऱ्या आणि नवा घडवणाऱ्या पेशी सतत काम करीत असतात, आणि इस्ट्रोजेन विरघळवणाऱ्या पेशींना आवर घालते. तो आवर सुटला की झीज सर्वप्रथम जाणवते ती जाळीदार हाडाचे प्रमाण जास्त असलेल्या मणक्यांत, आणि पुढच्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढणाऱ्या बाईचे बीजकोश काढले होते की नाही हे शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिलेले असले, तरी तिला ते वाचून दाखवलेले नसते.